जंजीर आणि आमची चिंगी
१९९३ च्या बॉम्बस्फोटांचा विषय निघाला की मला जंजीर आठवतो, मुंबई पोलिसांच्या बॉम्बशोधक पथकातला लॅब्रॅडॉर, पठ्ठ्याने ३,३२९ किलो आरडीएक्स हुंगून काढलं, किती जीव वाचवले कोण मोजणार! २००० साली हाडांच्या कॅन्सरने गेला तेव्हा पोलिसांनी सन्मानाने निरोप दिला, तो हार वाहतानाचा फोटो बघून अजून गलबलतं.

पण शेल्टरमधून कुत्रं घ्यायचं म्हटलं की लोक आधी ब्रीड विचारतात, आणि गावठी म्हटलं की नाक मुरडतात. आमची चिंगी तिथलीच, पहिले चार दिवस पलंगाखालून बाहेरच आली नाही, मग हळूच भाकरी खाल्ली, आता बेल वाजायच्या आधी दाराशी हजर असते, आणि फटाके वाजले की परत पलंगाखाली :)