गीझरच्या वरचे काळे ठिपके

मुलुंडची आमची इमारत पस्तीस वर्षांची. दोन वर्षं पावसाळ्यात बाथरूमच्या छतावर, गीझरच्या बरोबर वर, काळे ठिपके यायचे. दिवाळीच्या आधी पुसून वर रंग मारायचा, पुढच्या पावसात पोपडे सुटायचे आणि ठिपके परत. यंदा धाकटा आंघोळ करून आला की खोकायला लागला. त्याला दम्याचा त्रास आहेच. डॉक्टरांनी पहिलाच प्रश्न विचारला, "घरात ओल आहे का?"

त्या रविवारी मुलांना दादरला आजीकडे पाठवलं. गीझरचा स्विच बंद केला, खिडकीच्या काचा उघडल्या, बाथरूमचं दार घराच्या बाजूने लावून घेतलं. एन-९५ मास्क, रबरी हातमोजे, डोळ्यांना बंद चष्मा. बुरशी कोरडी घासली की तिचे बीजाणू हवेत उडतात, म्हणून आधी साबणाच्या पाण्याने भिजवली. मग बादलीत पाणी घेऊन ब्लीच घातलं.

तेवढ्यात सासूबाई टॉयलेट क्लीनरची बाटली घेऊन आल्या. फरशीवर टाकून ठेवायची त्यांची रोजची सवय. त्यात हायड्रोक्लोरिक अ‍ॅसिड असतं आणि ब्लीचला ते लागलं की क्लोरीन सुटतो. खोली एवढीशी. मी जोरात ओरडले, "आई, नको, थांबा!" त्या दचकल्या, जरा दुखावल्याही. नंतर दोघींनी बसून दोन्ही लेबलं वाचली. अमोनिया असलेलं काहीही ब्लीचजवळ चालत नाही. आता ब्लीच वेगळ्या कपाटात असतं, आणि कामवाल्या ताईंना ही गोष्ट सासूबाईच समजावून सांगतात.

टाइल्सवरची बुरशी निघाली. छताची निघेना. अंगठ्याने दाबलं तर प्लास्टर चहात बुडवलेल्या बिस्किटासारखं आत गेलं. टाइल गुळगुळीत असते, प्लास्टर पाणी पितं. ब्लीचने वरचा काळा रंग उडतो, आतली ओल तशीच राहते. मग पाणी येतंय कुठून?

वरच्या मजल्यावरचे काका आधी म्हणाले, "आमच्याकडे काही गळत नाही." प्लंबरने त्यांच्या नहाणी ट्रॅपमध्ये, म्हणजे बाथरूमचं पाणी जिथून खाली जातं त्या जाळीखालच्या भांड्यात, निळं रंगीत पाणी ओतलं. दुसऱ्या दिवशी आमच्या छतावर निळसर डाग उमटला. काकांनी खाली येऊन तो पाहिला आणि गवंड्याला स्वतःच फोन लावला. ट्रॅपचा जोड बदलला, भोवतीचं वॉटरप्रूफिंग नव्याने केलं. खर्च अर्धा-अर्धा.

खरा धीर लागला तो यानंतर. भुसभुशीत प्लास्टर घट्ट थर लागेपर्यंत खरवडून काढलं. गवंडी म्हणत होता, गणपतीच्या आधी रंग देऊन टाकू. मी ऐकलं नाही. भर पावसात मुंबईची हवाच ओली, भिंत वाळणार कशी? दारात टेबल फॅन लावून पूर्ण वाळू दिलं, मगच नवं प्लास्टर आणि रंग. पाहुणे उघडं छत बघून गेले. जुना एक्झॉस्ट फॅन धुळीने जाम झाला होता, तोही बदलला.

आता शेवटची आंघोळ करणारा भिंतींवरून वायपर फिरवतो, फॅन अर्धा तास चालतो आणि ओले कपडे तिथे टांगत नाही. धाकट्याचा खोकला बराच कमी आहे, पंप मात्र डॉक्टरांनी बंद केलेला नाही. दर रविवारी मी स्टुलावर चढून टॉर्चने तो कोपरा बघते आणि अंगठ्याने दाबते. अजून तरी घट्ट लागतो.