तुम्ही विचारलंत म्हणून: फोर्ट संपलं का?

लग्नाला जा नाहीतर बारशाला, दक्षिण मुंबईत, फोर्टात नोकरी करतो म्हटलं की पुढचा प्रश्न ठरलेला, "अजून तिकडेच? कोविडनंतर फोर्ट, नरिमन पॉइंट संपलंच ना?"

संपलं नाही हो. आणि जे गेलं ते सगळं काही कोविडने नेलं नाही. मी १९९८ पासून डोंबिवलीहून येतोय, तेव्हापासून इथून कोणी ना कोणी सामान हलवतंच आहे. बँका हळूहळू बीकेसीला, म्हणजे वांद्रे-कुर्ला कॉम्प्लेक्सला गेल्या, २०१० ला तिथेच भारत डायमंड बोर्स हा हिऱ्यांचा बाजार सुरू झाला तसे ऑपेरा हाऊसचे हिरेवाले गेले, एअर इंडियाचं हेड ऑफिस २०१३ ला दिल्लीला गेलं. त्यांची समुद्रासमोरची बिल्डिंग आता राज्य सरकारने १६०१ कोटींना घेतलीय, म्हणजे तिथे बहुतेक मंत्रालयाच्या फायली येणार.

कोविडने मेलं ते ऑफिसच्या गर्दीवर जगणारं सगळं. मार्च २०२० ला लोकल बंद झाली, फेब्रुवारी २०२१ ला ठरावीक वेळातच सुरू, एप्रिलला आमच्यासारख्यांना परत बंद, मग १५ ऑगस्टपासून दोन डोसवाल्यांना पास. एवढ्या काळात आमच्या ऑफिसने दोनातला एक मजला सोडला आणि आम्हाला मंगळवार-गुरुवार यायला सांगितलं. माझा डबा बंद झाला, कारण दोन दिवसांसाठी कोण सायकल फिरवणार, डबेवाल्यांचा हिशोब महिन्याचा. खालचा झेरॉक्सवाला गावाला गेला तो आलाच नाही. चहावाला टिकलाय पण सोमवारी, शुक्रवारी दूध किती घ्यायचं हेच त्याला कळत नाही. गिरगावात मात्र माझ्या मावशीच्या चाळीखालच्या किराणावाल्याला लॉकडाऊनमध्ये उलट फुरसत नव्हती, कारण वरती माणसं राहतात ना. फोर्टात रात्री मुक्कामाला असतं कोण? वॉचमन आणि मांजरं.

आणि डोंबिवली बदलली का, तर हो, थोडीशी. सकाळी ११ ला फडके रोडवर हाफ पँटीतले आयटीवाले इडली खाताना दिसतात, आमच्याकडे एमपीएससीच्या पोरांची अभ्यासिका आहे तिथे निम्मे आता लॅपटॉपवाले बसतात कारण वन बीएचकेत सासू-सासरे, कुकर आणि मीटिंग एकत्र जमत नाही. पण म्हणून लोकल रिकामी झाली असं वाटत असेल तर सकाळी ८ ला स्टेशनवर या. सेल्समन, नर्स, सिक्युरिटीवाला, कोर्टातला शिपाई, यांना कोण देणार वर्क फ्रॉम होम?

आता मेट्रो ३ ऑक्टोबर २०२५ पासून थेट कफ परेडपर्यंत आलीय, त्यामुळे म्हणे फोर्टाचे दिवस फिरणार. मला वाटतं बीकेसीला गेलेली ऑफिसं काही परत यायची नाहीत, कोर्ट-कचेऱ्या राहतील आणि काळा घोड्याला फिरायला, खायला येणारी रविवारची गर्दी वाढेल. ओस मजल्यांवर घरं केली तर खरी मजा येईल, पण ती मला परवडणार नाहीत आणि चहावाल्याला तर नाहीच नाही.

परवा ऑफिसात कुजबुज ऐकली, आता बुधवारपण कंपल्सरी होणार म्हणे. खाली चहावाल्याला सांगितलं तर तो गाळणी हातात तशीच धरून म्हणाला, "नक्की ना साहेब? दूध सांगून ठेवू?"