घंटेवर बदललेली कूस

आपल्या शाळेची घंटा म्हणजे रेल्वेच्या रुळाचा हातभर तुकडा. कोकण रेल्वे पूर्ण धावू लागली 1998 साली, पण हा रूळ त्याच्या कितीतरी आधीपासून व्हरांड्यात टांगलेला होता. त्याचा ठोका खाली आमच्या वाडीपर्यंत स्वच्छ ऐकू येई. स्मरणिकेत गुरुजींबद्दल, बाईंबद्दल पुष्कळ जण लिहितील. मला त्या ठोक्यावर सात वर्षं आजोबांची कूस बदलणाऱ्या आजीबद्दल लिहायचं आहे.

आजोबांचं उजवं अंग गेलं, वाचाही गेली. घरातले कर्ते मुंबईला, घरी आजी आणि शाळेत जाणारी नातवंडं. आरोग्य केंद्रातल्या सिस्टरनी पहिल्याच आठवड्यात सांगितलं, दर दोन तासांनी कूस बदला, नाहीतर पाठ सोलेल. आजीला घड्याळ वाचता येत नव्हतं. शाळा भरल्याची घंटा साडेदहाला, लहान सुट्टीची साडेबाराला, मोठी सुट्टी संपल्याची अडीचला आणि शेवटच्या तासाची साडेचारला. चार ठोके, चार कुशी. डावी, उताणी, उजवी, पुन्हा उताणी. लुळ्या अंगावर भार लवकर सोसत नाही, म्हणून उजवी कूस ती थोडी आधीच सोडवायची.

सुंभाची खाट मध्ये खोल जाते आणि सगळा भार माकडहाडावर येतो. म्हणून शाळेने मोडीत काढलेल्या बाकांच्या फळ्या तिने मागून आणल्या, खाटेवर आडव्या घातल्या, त्यावर सावरीच्या कापसाची गादी आणि वर जुन्या लुगड्याची मऊ गोधडी. मेणकापड गोधडीच्या खाली, अंगाला कधीच नाही, कारण घाम साचून कातडी भिजते. सावरीच्या गाठी होतात, त्या रोज हाताने फोडायच्या. गोधडीला सुरकुती राहता कामा नये. एक सुरकुती रात्रभर राहिली तर सकाळी तिची रेघ पाठीवर लाल उमटलेली असते. खाटेच्या पायांखाली तिने चिरे लावले, त्यामुळे खाट तिच्या कमरेइतकी उंच झाली आणि वाकणं वाचलं. उंच खाटेवरून माणूस पडू नये म्हणून दोन्ही कडांना गोधड्यांच्या वळकट्या.

कूस बदलताना माणसाला ओढायचं नाही. ओढलं की कातडी गादीला चिकटून राहते आणि आतलं मांस सरकतं, जखमेची सुरुवात तिथे होते. खांद्यापासून मांडीपर्यंत पोचेल असं चौपदरी लुगडं पाठीखाली कायम असायचं. मुलं घरी असली की दोन्ही बाजूंनी त्याचे काठ धरायचे. “वडू नको रे, उचल.” एकटी असली तर ती पलीकडचा गुडघा उभा करी, एक हात खांद्यामागे, एक खुब्यामागे, आणि आपल्याकडे वळवून घेई. लुळा हात धरून कधी उठवलं नाही. त्याने खांदा सांध्यातून उतरतो. पूर्ण कुशीवर ठेवलं तर खुब्याचं हाड टोचतं, म्हणून पाठीमागे उशी लावून अर्धवट कलतं ठेवायचं, दोन गुडघ्यांमध्ये एक उशी, आणि पोटरीखाली गुंडाळलेलं लुगडं, म्हणजे टाच हवेत राहते.

कुणीतरी सुचवलं, हंडा डोक्यावर घेताना वापरतो ती चुंबळ कुल्ल्यांखाली ठेव. तिने ठेवली आणि दोन दिवसांत काढून टाकली. चुंबळीची कड गोल दाबते, मधल्या भागाचं रक्त अडतं आणि तोच भाग सुजतो. लाल झालेल्या जागेवर ती बोट दाबून बघायची. बोट उचलल्यावर पांढरी होऊन पुन्हा लाल झाली तर ठीक. लालच राहिली तर त्या बाजूला झोपवणं बंद. त्या जागेवर तेल चोळायचं नाही, आजूबाजूला चालेल.

भरवण्याचं शास्त्र वेगळंच. अंग गेलेल्या माणसाला घट्टापेक्षा पातळ पदार्थाचा ठसका जास्त लागतो. पेजेत निवळ वेगळी आणि शितं वेगळी, हे तर सगळ्यांत वाईट. 1 वाटी उकड्या तांदळाला 8 वाट्या पाणी, शितं विरघळेपर्यंत शिजवायचं, रवीने घोटायचं, मग 2 चमचे नाचणीचं पीठ थंड पाण्यात कालवून त्यात घालून पुन्हा उकळी. चमचा तिरका केला की पेज सावकाश घसरली पाहिजे, थेंब पडता कामा नयेत. मासळीत मोरी, कारण तिला काटे नसतात. बसवून, हनुवटी छातीकडे, चांगल्या बाजूने लहान चमचा. उजव्या गालात घास साठतो, तो बोटाला फडकं गुंडाळून काढायचा. गळ्यात पाणी भरल्यासारखा आवाज आला की थांबायचं. जेवणानंतर अर्धा तास बसतंच ठेवायचं, नाहीतर अन्न श्वासनळीत उतरून छाती भरते.

जून ते सप्टेंबर कपडे वाळत नाहीत. फडकी रिठ्याने धुवायची, कारण सोडा कातडीला झोंबतो. आधी पडवीत निथळत, मग चुलीवरच्या वलणीला. वाळलं की नाही हे हाताने कळत नाही, गालाला लावून बघायचं. गार लागलं तर ओलं.

आणि दिवाळीची सुट्टी. तीन आठवडे घंटा नाही. पहिल्या वर्षी त्या सुट्टीत टाचेला जखम झाली, कातडी रुपयाएवढी गेली. 1 लिटर उकळून निववलेल्या पाण्यात दीड चमचा मीठ, त्याने धुणं, सिस्टरनी दिलेली पट्टी, टाच सतत अधांतरी. राख-हळद काही नाही. भरायला दोन महिने लागले. माया होतीच, पण मायेने पाठ वाचत नाही, दोन तासांचा हिशेब लागतो, हे तिला त्या टाचेने शिकवलं. पुढे रविवारी आणि सुट्टीत तिने वेळा बांधल्या: सकाळी रेडिओवर पुणे केंद्राच्या बातम्या, मग येणारीजाणारी एसटी, संध्याकाळी दिवेलागण. रात्रीसाठी काहीच नव्हतं. तेव्हा ती निजताना तांब्याभर पाणी पिऊन घेई, म्हणजे दोनदा तरी उठावं लागेच. उठली की आधी आजोबांची कूस, मग स्वतः परसात.

बाकाच्या त्या फळ्या आजोबांनंतर माळ्यावर गेल्या नाहीत. वाडीत कुणी अंथरुणाला खिळलं की त्या नेल्या जातात. आता त्या तिसऱ्या घरात आहेत. नेणाऱ्याने आधी तळहात फिरवून बघावं. दोन ठिकाणी जुने खिळे वर येतात, ते ठोकून घ्यावे लागतात.