मेलबर्नची बारावी आणि लेकीची ॲडमिशन

लेकीने मेलबर्नमध्ये बारावी केली, म्हणजे इथलं व्हीसीई. सिडनीला एचएससी, ब्रिस्बेनला क्यूसीई. राज्यागणिक सर्टिफिकेट वेगळं, पण युनिव्हर्सिटीच्या दारात सगळ्यांचा एटारच, म्हणजे देशभरातल्या मुलांमधला क्रम सांगणारा आकडाच बघतात.

एटार म्हणजे टक्के नव्हेत, हे सांगलीच्या आत्यांना पटवताना माझी दमछाक झाली. 80 एटार म्हणजे आपल्या वयाच्या शंभरातल्या ऐंशी मुलांच्या पुढे. त्या शंभरात बारावीपर्यंत न पोचलेलीही धरतात, म्हणून मधल्या विद्यार्थ्याचा एटार पन्नास नाही, 70 च्या आसपास असतो. सगळ्यात वरचा 99.95. "म्हणजे पैकीच्या पैकी कुणालाच नाहीत? मग कसली परीक्षा!" इति आत्या.

विषय निवडताना गणपतीच्या आरतीला भेटलेला प्रत्येक जण सांगत होता, "स्पेशालिस्ट मॅथ्स घ्या, स्केलिंगमध्ये वर जातं." स्केलिंग म्हणजे विषयातल्या स्पर्धेनुसार स्कोअर वर-खाली करणं. जातं खरं. पण विषयाचा स्कोअर 50 पैकी असतो, त्यात 30 हा मधला, आणि मुळात पंचवीस पडले तर स्केलिंग किती उचलणार? लेकीने इंजिनिअरिंगला लागतं म्हणून मेथड्स (गणिताचाच दुसरा विषय) घेतलं, स्पेशालिस्ट सोडलं आणि तो वेळ इंग्लिशला दिला. एटार काढताना इंग्लिश धरावंच लागतं. त्याशिवाय सर्वोत्तम तीन विषय पूर्ण, पाचव्या-सहाव्याचे फक्त दहा टक्के. सहाव्या विषयासाठी मुलांना पिदडणं मला तरी पटत नाही.

फॉर्म व्हीटॅकचा, म्हणजे व्हिक्टोरियातले युनिव्हर्सिटी प्रवेश बघणाऱ्या संस्थेचा. आठपर्यंत पसंती देता येतात आणि एका फेरीत जिथे बसतं त्यातली सगळ्यात वरची एकच ऑफर येते. आमच्या ओळखीतले बरेच जण 'नक्की मिळेल' तो कोर्स पहिला टाकतात. मग वरचा मिळण्यासारखा असूनही हातचा जातो. आम्ही आवडीच्या क्रमाने भरलं. डिसेंबरमध्ये निकाल लागल्यावर क्रम बदलायला थोडे दिवस मिळतात. एटार हातात आल्यावर लेकीने खालचे दोन कोर्स काढून तिथे डिप्लोमामार्गे दुसऱ्या वर्षात जाता येणारे टाकले. गरज पडली नाही, पहिल्याच फेरीत दुसरी पसंती मिळाली.

आम्ही पीआरवर, म्हणजे कायम राहण्याची परवानगी आहे, नागरिकत्व नाही. सीट सरकारी अनुदानाची मिळते, पण हेक्सचं, म्हणजे फीसाठीचं सरकारी कर्ज मिळत नाही. सेमिस्टरची फी सेन्सस डेटच्या, म्हणजे युनिव्हर्सिटीने ठरवलेल्या शेवटच्या तारखेच्या आत स्वतः भरायची. तेव्हा डिसेंबरची इंडियाची तिकिटं काढण्याआधी हा हिशेब करून ठेवा.