पुस्तकात चुकलंय, आई

लिंबाच्या कुंडीत एका पानावर पक्ष्याची शीट पडलीय म्हणून मी काडीने ती उडवायला गेले आणि ती शीट चालायला लागली. पहिली किंचाळी माझी, दुसरी लेकीची, फरक एवढाच की तिची आनंदाची होती. तेव्हा ती साडेचार वर्षांची होती आणि आमच्याकडे एरिक कार्लच्या 'द व्हेरी हंग्री कॅटरपिलर' ह्या खादाड अळीच्या चित्रपुस्तकाचं रोज रात्री पारायण चालू होतं, इतकं की मी ते झोपेत पण म्हणू शकले असते. ती पळत आत गेली, पुस्तक घेऊन आली, अळीच्या शेजारी उघडून धरलं आणि म्हणाली आज सोमवार आहे, हिला एक सफरचंद दे. सोमवार नव्हता, पण मी एक फोड कापून दिली. दुसऱ्या दिवशी बघतो तर फोड काळी पडलेली, तिच्यावर मुंग्या, आणि अळीबाईंनी शेजारचं पान अर्ध्याहून जास्त कुरतडून ठेवलेलं.

"आई, पुस्तकात चुकलंय."

त्या एका वाक्याने माझी खूप वर्षांची खटपट वाचली असं मी म्हणेन. कारण त्याआधी मी पण ते सगळं करून बसले होते, म्हणजे पुस्तक वाचलं की त्याच्यासोबतची अॅक्टिव्हिटी, कापसाचे ढग, कागदी डिशचं कासव, प्रिंटआउट काढून रंगवा आणि कापा. त्यात ऐंशी टक्के काम माझं, फेविकॉल सोफ्याला, आणि 'निसर्ग' म्हणून जे काय होतं ते सगळं डायनिंग टेबलवर. आता आमची पद्धत एकच आहे, पुस्तक वाचायचं आणि मग बाहेर जाऊन तपासून यायचं की लिहिणाऱ्याने खरं लिहिलंय की थापा मारल्यात. पोरांना मोठ्यांची चूक पकडण्याइतका आनंद दुसऱ्या कशात नसतो, आणि त्या आनंदापायी ती तासभर एका कुंडीपुढे उकिडवी बसतात.

तर अळी. पुस्तक 1969 चं आहे आणि त्यात ती सोमवारी एक सफरचंद, मंगळवारी दोन पेअर असं करत शनिवारी नको नको ते खाते आणि पोट दुखवून घेते. खऱ्या अळ्या असल्या चटोर नसतात. बहुतेक जातींची ठरलेली झाडं असतात, ही लिंबावरची लिंबाच्याच गोतावळ्यातली पानं खाते, रुईवरची रुईच्या गोतावळ्यातली, दुसरं काही पुढे ठेवलं तर उपाशी मरेल पण तोंड लावणार नाही. त्यामुळे अळी घरात आणून बघायची असेल तर ती ज्या झाडावर सापडली त्याचीच ताजी पानं रोज द्यायची, बरणीला झाकण न लावता जाळीदार कापड बांधायचं, आणि खालची लेंडकं रोज झटकायची, नाहीतर बुरशी येते. (ही गुळगुळीत, म्हणून अळी. केसाळ आणि खाज सुटणारा तो सुरवंट, त्याला हात लावू द्यायचा नाही, हे पहिल्या दिवशीच शिकवावं.) लहान असताना शीटेसारखी दिसते ती पक्ष्यांनी खाऊ नये म्हणून, मोठी झाली की पानासारखी हिरवी होते. आणि हळूच काडी लावली की डोक्यामागून लालसर दोन टोकांचं शिंग बाहेर काढते आणि असला उग्र वास सोडते की बास. लेकीने तो वास आल्यावर पुस्तक हुंगून बघितलं. नाही येत म्हणाली, तिच्या आवाजात पुस्तकाबद्दल जरा तुच्छताच होती.

पुढे काय झालं ते सांगते, पण मध्ये बाकीची पुस्तकं, कारण अळीला आपला वेळ लागतो.

रूथ क्राउसचं 'द कॅरट सीड', 1945 चं. एक मुलगा गाजराचं बी लावतो, आई म्हणते उगवणार नाही, बाबा म्हणतो उगवणार नाही, मोठा भाऊ तर ठामच, आणि हा आपला रोज तण काढतो, पाणी घालतो, वाट बघतो. दोन मिनिटांत पुस्तक संपतं. खरं गाजर तसं दोन मिनिटांत संपत नाही, नुसतं उगवायलाच दहा दिवस ते तीन आठवडे घेतं, आणि सहाव्या दिवशी आमच्या लेकबाईंनी चमच्याने कुंडी उकरून बघितलीच. मग मी दोन गोष्टी केल्या. त्याच कुंडीच्या एका कडेला मुळ्याचं बी टाकलं, ते चार-पाच दिवसात वर येतं त्यामुळे धीर टिकतो. आणि काचेच्या बरणीत ओला टिश्यू गुंडाळून काच आणि टिश्यूच्या मध्ये घेवड्याच्या चार बिया सरकवल्या. ह्या बरणीचं नाव पडलं 'चोरून बघायची बाटली'. बी फुगतं, साल सुरकुततं, मग आधी मूळ खाली जातं आणि कोंब नंतर वर येतो, बरणी आडवी ठेवली तरी मूळ वळून खालीच जातं, हे तिने तीनदा बरणी फिरवून स्वतः सिद्ध केलं आणि बियांचे हाल केले. गाजराला जवळपास अडीच महिने लागले. पुस्तकात ते गाजर हातगाडीवर घालून न्यावं लागतं एवढं मोठं, आमचं निघालं करंगळीएवढं, तेही दोन तंगड्यांचं, कारण मी माती नीट चाळली नव्हती आणि खडा लागला की मूळ फाटतं. चुकलंय हे इथे पण जाहीर झालं, पण ह्या वेळी पुस्तकाचं की माझं ते तिने स्पष्ट केलं नाही.

'द स्नोई डे' बद्दल लोक विचारतात की बर्फ नाही तर त्याचं काय करायचं. एझ्रा जॅक कीट्सचं 1962 चं पुस्तक, पीटर नावाचा मुलगा बर्फात एकटा फिरतो. पण नीट बघा, त्यात तो करतो काय, तर पावलं उमटवतो, एकदा पंजे बाहेर काढून, एकदा आत वळवून, मग काडी ओढून तिसरी रेघ काढतो. हे चिखलात होतं, ओल्या वाळूत होतं, पावसानंतरच्या मैदानात तर झकासच होतं. आमचा खेळ असा की एकाने लांब जाऊन डोळे मिटायचे आणि दुसऱ्याने माग काढून ठेवायचा, लंगडी, उलटं चालणं, एक पाय ओढत, आणि मग पहिल्याने ओळखायचं की इथून कोण कसं गेलं. दोन-तीनदा खेळलं की पोरं आपोआप बाकीचे माग पण बघायला लागतात. कुत्र्याच्या पंजात नखांच्या खुणा दिसतात आणि मांजराच्या बहुतेक वेळा दिसत नाहीत, कारण मांजर नखं आत घेऊन चालतं, हे आम्हाला डबक्याच्या काठावर कळलं. त्याच डबक्यात लायब्ररीचं पुस्तक पडलं आणि मला ते भरून द्यावं लागलं, तर पुस्तक घरी ठेवून जा. खरं तर बाहेर बसून पुस्तक वाचणं ही फोटोत छान दिसणारी आणि प्रत्यक्षात वैतागवाडी गोष्ट आहे, वाऱ्याने पानं उडतात, गुळगुळीत कागदावर ऊन चमकतं आणि पोरगं मुंगीकडे बघत असतं, जे योग्यच आहे. हो, आणि पीटर बर्फाचा गोळा खिशात ठेवतो तो नंतर वितळून जातो, ते फ्रीजमधला बर्फाचा तुकडा खिशात घालून तपासता येतं. आपोआपच तपासलं गेलं, मला धुण्याच्या वेळी कळलं.

जेन योलेनचं 'आउल मून' रात्रीचं आहे, बाप आणि मूल घुबड शोधायला जंगलात जातात आणि जवळजवळ गप्पच असतात. त्याच्यासोबत साउंड मॅप, कागदाच्या मधोमध फुली म्हणजे आपण, दहा मिनिटं गप्प बसायचं आणि जिकडून आवाज आला तिकडे खूण करायची. दहा मिनिटं जास्त होतात, तीनपासून सुरू करा. आम्हाला घुबड मिळालं नाही, पण पुस्तकात आधीच सांगून ठेवलंय की कधी घुबड असतं, कधी नसतं, त्यामुळे हे पुस्तक तिच्या परीक्षेत पास.

बहिणीचा मुलगा नऊ वर्षांचा आहे, त्याला अळ्याबिळ्या म्हणजे बाळबोध. त्याच्यासाठी 'शार्लट्स वेब', ई. बी. व्हाइटचं, 1952 चं. त्यात शार्लट कोळीण आपल्या पायाचे सात भाग नावानिशी सांगते. भाचा भिंग घेऊन मोजायला गेला, आणि कोळी काही पाय धरून ठेवू देईना, पाचव्या भागापर्यंत गेला की तो पळायचा. पण सकाळी लवकर उठून स्प्रेच्या बाटलीतून जाळ्यावर अगदी बारीक तुषार मारले (लांबून, धार मारली की जाळं गेलं) आणि सगळं जाळं उजळून समोर आलं. मग गवताच्या पातीने हळूच लावून बघितलं, मधून बाहेर जाणारे धागे चिकट नसतात, गोल फिरणारे चिकट असतात. असे गोल जाळं विणणारे बरेच कोळी जुनं जाळं खाऊन टाकतात आणि नवं विणतात, त्यामुळे काल इथे होतं आज नाही म्हणून पोरं रडकुंडीला आली तर घाबरू नका. नंतर त्याने दोन खुर्च्यांमध्ये सुतळीचं जाळं करायला घेतलं, दीड तास, आणि शेवटी म्हणाला मावशी, हे तोंडी हिशोबाने कसं जमतं तिला. मला कुठे माहीत.

हे 'मला कुठे माहीत' मला आधी फार लागायचं. पक्ष्यांची नावं येत नाहीत, झाडं ओळखता येत नाहीत, आपण काय मुलांना निसर्ग दाखवणार. मग रेचल कार्सनचं 'द सेन्स ऑफ वंडर' वाचलं, आधी 1956 मध्ये एका मासिकात लेख आला होता आणि पुस्तक तिच्या मृत्यूनंतर 1965 मध्ये. ती स्वतः समुद्रजीवांची जाणकार, पण रॉजर नावाच्या वीस महिन्यांच्या पोराला ब्लँकेटमध्ये गुंडाळून वादळी रात्री किनाऱ्यावर घेऊन गेली, आणि तिथे दोघं नुसते लाटांचा आवाज ऐकून हसत बसले. एवढंच. मला जरा हायसं वाटलं.

तर आमच्या बरणीत दोन अळ्या होत्या, दोघी एका दिवसाच्या अंतराने काडीला चिकटून कोशात गेल्या, कमरेभोवती रेशमाचा एक धागा, खांबावर चढणाऱ्या वायरमनच्या पट्ट्यासारखा. आठ-दहा दिवस काही हालचाल नाही. मग एक कोश काळपट झाला, आतून पंखांची नक्षी दिसायला लागली आणि दुसऱ्या दिवशी सकाळी मी दूध तापवत असताना हाक आली, जाऊन बघते तर चुरगळलेल्या ओल्या कागदासारखं काहीतरी काडीला लोंबत होतं. पाऊण तासात ते फुलपाखरू झालं.

दुसरा कोश तपकिरी पडला आणि तसाच राहिला. एक दिवस त्याच्या बाजूला टाचणीच्या टोकाएवढं भोक दिसलं आणि बरणीच्या कापडावर मुंगीपेक्षा बारीक वीस-पंचवीस माश्या. ह्या माश्या कोश ताजा असताना त्यात अंडी घालतात आणि पिल्लं आतूनच जेवून बाहेर येतात. मी खोटं सांगायचा विचार केला होता, तोंडात तयार पण होतं, पण इतके दिवस पुस्तकाला खोटं पाडल्यावर ते बरं दिसेना, म्हणून जे झालं ते सांगितलं. ती काही बोलली नाही. रात्री पुस्तक काढलं, अळीने खाल्लेलं दाखवायला पेअरच्या पानावर पाडलेल्या गोल भोकात बोट घातलं, मग प्लमच्या, मग स्ट्रॉबेरीच्या.

"ही भोकं अळीने नाही पाडलीत," ती म्हणाली. "त्या माश्यांनी पाडलीत."