तुम्ही विचारलंत म्हणून: बळी बंद झाले, मग रक्ताची मोजणी अजून का?

आम्ही बेने इस्राएल, म्हणजे मराठी बोलणारे ज्यू. योम किप्पुरच्या, म्हणजे प्रायश्चित्ताच्या दिवसाच्या, कडक उपासात सिनेगॉगमध्ये (आमच्या प्रार्थनास्थळात) एक लांबलचक वर्णन वाचलं जातं: यरुशलेमच्या मंदिरात मुख्य याजक बैलाचं आणि बोकडाचं रक्त कसं शिंपडायचा, त्याचं. ते मंदिर रोमनांनी इ.स. ७० मध्ये पाडलं. मित्रमंडळी दरवर्षी विचारतात, ‘तुम्ही बळी देत नाही, मग हे रक्त कशाला वाचता?’

बळी म्हटलं की सुरी आठवते. आमच्या रब्बींचं (धर्मगुरूंचं) लक्ष मात्र सुरीनंतरच्या कामावर असे. तल्मूद, म्हणजे रब्बींच्या चर्चांचा आमचा मोठा ग्रंथ, म्हणतो, पशू कापायला एरवी याजक लागत नाही; रक्त भांड्यात धरण्यापासून पुढचं सगळं मात्र याजकाचंच. आणि त्या रक्ताची काळजी तरी किती! योम किप्पुरला ते गोठू नये म्हणून एक जण ढवळत राही. पेसाहला (मिसरातून सुटकेच्या सणाला) रक्ताची सोन्या-चांदीची भांडी याजकांच्या रांगांमधून हातोहात वेदीकडे जात. त्या भांड्यांचं बूड मुद्दाम सपाट केलेलं नसे, म्हणजे ती कोणी खाली टेकवायला नको. उरलेलं रक्त पाटातून किद्रोनच्या ओढ्यात जाई आणि माळी ते खतासाठी विकत घेत. फुकट नेण्याची मुभा नव्हती, कारण ते देवस्थानाचं.

मुख्य याजक आतल्या परमपवित्र स्थानी एकदा वर आणि सात वेळा खाली शिंपडे आणि मोजत जाई: ‘एक. एक आणि एक. एक आणि दोन...’ असं ‘एक आणि सात’पर्यंत. तो पहिला ‘एक’ दरवेळी का? रब्बी योहानान तोरातल्या (मोशेच्या पाच पुस्तकांतल्या) वचनाचा आधार देतात. रब्बी एलआझार म्हणतात, मोजणी चुकू नये म्हणून. मला एलआझारांचं पटतं. वर्षात एकाच दिवशी त्या खोलीत पाऊल टाकायचं, तेही सगळ्या लोकांच्या पापांसाठी! अशा वेळी माणसाचं भान सुटू शकतं, हे त्यांनी ओळखलं होतं.

पण रक्तच का? तोरातल्या लेवीय या पुस्तकाच्या सतराव्या अध्यायात आहे: देहाचा प्राण रक्तात असतो, आणि ते वेदीवर प्रायश्चित्तासाठी दिलं आहे. म्हणून ते खायचं नाही; मटणाला मीठ लावून ठेवायची आमची रीत या मनाईपायीच. तेराव्या शतकात रामबान (रब्बी मोशे बेन नहमान) यांनी लिहिलं की वेदीवर रक्त पडताना माणसाला वाटावं, खरं तर हे माझं रक्त सांडायला हवं होतं. त्यांच्या आधी रामबाम (रब्बी मोशे बेन मैमोन, म्हणजे मायमोनिदीस) यांनी वेगळं सांगितलं होतं: लोकांना बळींची सवय होती, ती एकदम सुटली नसती. इथे कोकरू आणि तिथे मेंढा का, असं विचारत बसणं रामबामना वेडेपणा वाटे. तरी शिंपडण्याचे सगळे नियम त्यांनीच बारकाईने लिहून ठेवले! बुद्धीला रामबाम पटतात. उपासाच्या दिवशी मी रामबानकडे वळते.

राहिला तुमचा प्रश्न. तल्मूदात आमचा मूळपुरुष अब्राहाम देवाला विचारतो, मंदिर नसेल तेव्हा माझ्या लेकरांचं काय? देव सांगतो, बळींचा विधी ती वाचतील, तेव्हा त्यांनी तो माझ्यापुढे केला असंच मी धरीन आणि त्यांना क्षमा करीन. म्हणून वाचतो.