चौकटचा एक्का

बुधवार, रात्री साडेअकरा

इस्त्री उलटी करून दोन पुस्तकांच्या मध्ये उभी केली आणि तिच्या तव्यावर एलईडी झाळला. आईने दारातूनच पाहिलं. "अरे, उद्या त्याच इस्त्रीने माझी साडी करायचीय." पुसून देतो म्हटलं. पुसली नाहीये अजून.

तापकीर गल्लीतून आणलेली ती छोटी झूमची बॅटरी आज अखेर उघडली. एका पेन्सिल सेलवर चालते, मुंडकं पुढे ओढलं की झोत बारीक होतो. आत फार काही नसतंच. मुंडकं फिरवून काढलं की भिंग मोकळं होतं. खाली धातूची एक डबी, तिच्या बुडाशी ड्रायव्हरची, म्हणजे एलईडीला वीज पुरवणाऱ्या सर्किटची चकती आणि डोक्यावर सहा खाचांचं ॲल्युमिनियमचं स्टार, म्हणजे एलईडी ज्यावर झाळतात ती चकती. त्याच्या मधोमध पिवळ्या डोळ्याचा पांढरा एलईडी. तो काढून तिथे लाल बसवायचा, एवढाच उद्योग.

शनिवारी अमावस्या. सगळे वेल्ह्याला आकाशदर्शनाला चाललेत, आणि तिथे अंधाराला सरावलेले डोळे बिघडू नयेत म्हणून लाल बॅटरीच लागते. गटातले जुने लोक बॅटरीच्या तोंडावर लाल जिलेटीन कागद रबरबँडने बांधतात. मला ते गावठी वाटायचं. पांढरा एलईडी म्हणजे खरं तर निळी चिप आणि तिच्यावर पिवळ्या फॉस्फरचा, म्हणजे निळ्यातला काही उजेड पिवळा करणाऱ्या भुकटीचा लेप. त्याच्या उजेडात लाल भाग थोडाच. जिलेटीन लावलं की उरलेला सगळा उजेड वाया. मग मुळातच लाल उजेड देणारी चिप का नको?

इस्त्रीची चकती 'कॉटन'वर फिरवली. डाक, म्हणजे सोल्डर, सुमारे १९० अंशांना वितळतो. आधी मळकट दिसणारा डाक एकदम आरशासारखा चकाकला, तेव्हा लाल एलईडीचा साडेतीन मिलिमीटरचा ठिपका चिमट्याने वर ठेवला. थोडा तिरका बसला होता. चिमट्याच्या टोकाने हलकेच ढकललं, तर तो डाकावर तरंगत स्वतःहून सरळ झाला, मधोमध. वितळलेल्या धातूचा पृष्ठताण, बाकी काही नाही. तरी हे मी चार वेळा करून पाहिलं. गरज एकदाचीच होती.

दिवा घालवला, झोत छतावर टाकला. पांढऱ्या एलईडीचा डाग पूर्ण झूमवर नेहमी कडेने निळा-पिवळा फाटतो, कारण भिंग एकच आणि रंग अनेक. इथे रंग एकच, त्यामुळे कड अगदी सुरीने कापल्यासारखी. आणि लालवर फॉस्फरही नाही. चिपचा चौकोन जसाच्या तसा छतावर, वीज नेणाऱ्या काड्यांच्या बारीक काळ्या रेघांसकट. बॅटरी थोडी फिरवली, चौकोन कोपऱ्यावर उभा राहिला. चौकटचा एक्का!

इथे थांबायला हवं होतं. पण पेन्सिल सेलच्या मापाचा लिथियम सेल खणात पडला होता, म्हटलं बघू किती पेटतो. ड्रायव्हरचं काम दीड व्होल्टचे वाढवून एलईडीला पुरवायचं. सेलच चार व्होल्टचा असला की तो बाजूला होतो आणि सगळा करंट थेट आत सोडतो. पांढऱ्याला तीनच्या वर व्होल्ट लागतात, तो तग धरतो. लालला दोनच पुरतात. शिवाय लालला उष्णता सोसत नाही, तापला की उजेड ढासळतो. छतावरचा एक्का माझ्या डोळ्यांदेखत काळवंडत गेला. वास आला. दोन आणले होते, एक उरला.

शुक्रवार

दुसरा बसवला. स्टारच्या खाली उष्णता वाहून नेणारी पांढरी पेस्ट. पेन्सिल सेलच. लिथियम सेल खणाच्या तळाशी.

रविवार, दुपार

झोप नाही झालेली. काल वेल्ह्याला आकाश काय होतं! देवयानी दीर्घिका नुसत्या डोळ्यांनी, शर्मिष्ठेच्या ताऱ्यांकडून मोजत यावंच लागलं नाही.

साडेनऊला मी माझी बॅटरी काढली. नकाशा पाहायचा म्हणून झूम उघडी, रुंद झोत. तरी समोरच्या झुडपापर्यंत सगळं लाल झालं. दोन दुर्बिणींवरून एकदम आवाज. एक काका म्हणाले, "ही बॅटरी आहे का सिग्नल? आधी बंद कर." त्यांचा अर्धा तास गेला होता मी येण्यापूर्वी अंधाराला सरावण्यात. डोळ्यांतल्या दंडाकार पेशींना पूर्ण जागं व्हायला वीस-तीस मिनिटं लागतात. लाल उजेड त्यांना कमी जाणवतो, पण कमी म्हणजे अजिबात नाही असं नव्हे, आणि माझा लाल तर सव्वासहाशे नॅनोमीटरचा, नारिंगीकडे झुकलेला. त्यात असा भसाभसा ओतला तर रंगाचं काय घेऊन बसलात. जिलेटीनमधून वाया जातो म्हणून ज्या उजेडाला मी हसत होतो, तो वाया जायलाच हवा होता.

काकांनी त्यांची बॅटरी दिली. दोन पदरी जिलेटीन, रबरबँड तुटल्यावर बांधलेला दोरा. तिच्यात नकाशावरची अक्षरं जेमतेम वाचता येत होती, आणि मान वर केली तर तारे तिथेच होते.

पण माझ्या खुणा गायब! पाहायच्या वस्तूंभोवती आठवडाभर हौसेने लाल बॉलपेनने गोल काढले होते. लाल उजेडात पांढरा कागदही लाल, शाईही लाल. एक गोल दिसेना. मृगातला तेजोमेघ पाठ होता म्हणून सापडला. त्रिकोण तारकासमूहातली एम ३३ दीर्घिका राहिली.

आता जेवण झाल्यावर ड्रायव्हर काढून टाकला. त्याच्या जागी करंट अडवणारा १०० ओमचा रेझिस्टर, पट्टे तपकिरी-काळा-तपकिरी, आणि खणातला लिथियम सेल परत. सेलच्या चारातून लालचे दोन वजा, भागिले शंभर: सुमारे २० मिलिअँप. न्हाणीघराचं दार लावून आत बसलो, वीस मिनिटं काहीच केलं नाही. बाहेरून आईने दोनदा विचारलं, पोट बिघडलंय का. मग बॅटरी लावली. अक्षरं दिसतात, हाताची बोटं दिसतात, समोरची बादली दिसत नाही. झूम ओढली तर बादलीवर फिकट, कापऱ्या कडेचा एक्का. कापरी कड म्हणजे माझा हात.

इस्त्री पुसली. एका कोपऱ्यात डाकाचा मोहरीएवढा मणी आहे, तो निघत नाही. नकाशावर निळ्या पेनाने परत गोल काढतोय, एम ३३ पासून.